पाठीवर बॅग घेऊन येणारा पाहुणा आपल्याला नकोसा का झालाय?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. दिवाळीची गर्दी ओसरलीय, नाताळची यायचीय. मधल्या या शांत दिवसांत हे बोलून घेतलेलं बरं, कारण एकदा सीझन सुरू झाला की कोणाला ऐकायला वेळ नसतो.

स्वतःची गाडी नसलेल्या नवरा-बायकोने तळ्यातून निघायचं, दिवेआगरचा समुद्र बघायचा, रात्री परवडेल अशा जागी झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी जंजिरा करून परत यायचं. हे काम बार्सिलोना फिरण्यापेक्षा अवघड आहे. मी बार्सिलोना बघितलेलं नाही, पण ज्यांनी दीड महिन्याच्या अंतराने दोन्ही केलं ते दोघे माझ्या ओटीवर बसून हेच सांगत होते, आणि मला त्यांचं म्हणणं खोडता येईना.

माझा भाचा आणि भाचेसून. पुण्यात नोकरी, दोघांचे पगार बरे, पण डोक्यावर फ्लॅटचा हप्ता. सप्टेंबरात सहा दिवस बार्सिलोनाला गेले होते, पाठीवर एकेक बॅग घेऊन. टूर कंपनी नाही, गाईड नाही. दिवाळीला आमच्याकडे आले आणि म्हणाले, मामा, आता तसाच आपला रायगडचा किनारा करतो.

आधी तिकडचं सांगतो. आपल्याकडे युरोप म्हटलं की लोक एकतर आरती ओवाळतात नाहीतर नाक मुरडतात. म्हणून हिशोबाने सांगतो.

स्वस्त अजिबात नाही. व्हिसाची नुसती फी माणशी ९० युरो, आणि युरो सध्या शंभर रुपयांच्या घरात. वर बँकेची स्टेटमेंटं द्या, ३० हजार युरोचा विमा काढा, राहण्याचं बुकिंग दाखवा, परतीचं तिकीट दाखवा. एवढं करून व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. आपल्याकडच्या माणसाची दारातच इतकी झडती घेतात की मला तरी त्यात माज दिसतो. पण ते असो.

एकदा आत गेल्यावर मात्र कोणी काही विचारत नाही, हे भाच्याचे शब्द. राहिले ते होस्टेलात. एका खोलीत आठ जणांच्या वरखाली खाटा, प्रत्येकाला कुलपाचं कपाट, खाली सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. खाटेला रात्रीचे तीन हजारांच्या वर गेले. आपल्याला ऐकून चक्कर येईल, पण त्या शहरात हॉटेलची खोली याच्या दुप्पट-तिप्पट. सकाळी दुकानातून ब्रेड, अंडी, टोमॅटो आणायचे. रात्री पातेल्यात डाळ-भात. मेट्रो, बस, ट्राम सगळ्याला चालणारं दहा फेऱ्यांचं तिकीट एकेकाने काढलं आणि संपलं की दुसरं. नळाचं पाणी चवीला बेकार, पण कुठेही भरता येतं, त्यामुळे सहा दिवसांत पाण्याच्या बाटल्यांवर फारसा खर्च नाही.

दुपारचं जेवण बाहेर, आणि इथे मला एक गोष्ट फार आवडली. दुपारी साध्यासुध्या हॉटेलांच्या दारात फळा असतो, त्यावर ठरलेल्या ताटाचा भाव लिहिलेला. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, गोड, पिण्याचं काहीतरी, एवढ्याचे इतके. आत शिरण्याआधीच कळतं की खिशाला झेपेल की नाही. ही पद्धत आली कुठून? १९६०च्या दशकात, फ्रँको हुकूमशहाच्या काळात, पर्यटक वाढायला लागले तेव्हा सरकारने हॉटेलवाल्यांना फर्मान काढलं की ठरलेल्या दरात पोटभर जेवणाचं एक ताट ठेवायचंच. सक्ती गेली, सवय राहिली. आज ते ताट पर्यटकापेक्षा तिथला प्लंबर आणि बँकेतला कारकून जास्त खातो.

आणि समुद्र. तिथल्या किनाऱ्याची मजा अशी की १९९२च्या ऑलिंपिकआधी त्या शहराची समुद्राकडे पाठ होती. कारखाने, रेल्वेचे रूळ, आणि त्याच्याही आधी थेट वाळूवर सोमोरोस्त्रो नावाची झोपडपट्टी. ऑलिंपिकच्या निमित्ताने किनारा मोकळा केला, वाळू आणून टाकली. आज तिथे संडास आहे, अंग धुवायला शॉवर आहे, सीझनला जीवरक्षक आहे, हिरवा-पिवळा-लाल झेंडा आहे, अपंग माणसाला हात धरून पाण्यात नेणारी माणसं आहेत. तिकडे मोठा दुष्काळ पडला तेव्हा ते शॉवर बंद ठेवले होते, म्हणजे पाणी आधी शहराला, मग पर्यटकाला. हेही बरोबरच. खिसेकापू आहेत, आणि पट्टीचे आहेत. भाच्याने सहा दिवस बॅग पोटाशी धरली.

आता आपल्याकडचे दोन दिवस.

सकाळी आठला दोघं घरून निघाली. दिवेआगरला आज गाडी कुठून, किती वाजता, हे चहाच्या टपरीवर तिघांना विचारलं, तिघांनी तीन वेळा सांगितल्या. शेवटी मिनीडोरने इंदापूर, तिथून माणगाव, माणगावहून म्हसळा, म्हसळ्याला दीड तास झाडाखाली, मग बोर्ली पंचतनला उतरून तिथून रिक्षा. पोचायला दुपार झाली. जाताना एका नाक्यावर रिक्षा थांबवून पर्यटकांची पावती फाडली. पावती कसली तर स्वच्छतेची. किनाऱ्यावरच्या शौचालयाला कुलूप होतं. भाचेसून मला म्हणाली, "मामा, तिथे रात्री अकराला मेट्रोने यायला मला भीती वाटली नाही. इथे दुपारी बाराला बाथरूमला कुठे जायचं या विचाराने मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते." यावर मी काय बोलणार होतो?

मग खोली. पहिल्या ठिकाणी सांगितलं, शनिवार आहे, खोली चार माणसांची, दोघं आलात तरी चार हजार. दुसरीकडे दोन रात्री घेणार असाल तरच. तिसरीकडे खोली होती, दर जमला, आधार कार्डं घेतली आणि मालकाचा चेहरा बदलला. पोरीने लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. "लग्नाचं सर्टिफिकेट आहे का?" नाही म्हटलं. "मग फोटो तरी दाखवा लग्नातला." माझ्या भाच्याने, लग्नाला चार वर्षं झालेल्या माणसाने, अनोळखी माणसासमोर मोबाईलमधला सप्तपदीचा फोटो शोधला. रेंज नव्हती, तो उघडेना. खोली मिळाली नाही. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका गावाचं दुखणं नाही. रात्री ओळखीतून ओळख काढून एका घरी झोपायची सोय झाली. त्या माउलीने तांदळाची भाकरी, सुकट आणि सोलकढी वाढली आणि पैसे घ्यायला लाजत होती. म्हणजे माणसं वाईट नाहीत. घडी बिघडलीय.

लग्नाचा पुरावा मागण्याचा कायदा या देशात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९च्या डिसेंबरात कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी हॉटेलच्या एका खोलीत राहण्याला कोणताही कायदा आडवा येत नाही. ओळखपत्र घ्या, वहीत नोंद करा, ते जरूर. पण सप्तपदीचा फोटो? आणि "आपली संस्कृती वेगळी, तो स्पेन आहे" म्हणणाऱ्यांना एक सांगतो. फ्रँकोच्या राज्यात स्पेनमध्येही जोडप्याला हॉटेलात खोली घ्यायची तर कुटुंबाची नोंदवही दाखवावी लागायची. लिब्रो दे फामिलिया म्हणत तिला. कर्मठ कॅथलिक देश होता तो. १९७५ला फ्रँको गेला, आणि त्यांनी ते सोडून दिलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या भागात सध्या एक वाक्य फार ऐकू येतं: "आपल्याला दर्जेदार पर्यटक पाहिजेत. बॅगवाले फुकटे नकोत, ते काय देणार?" हे वाक्य मी बैठकीत ऐकलंय, लग्नात ऐकलंय, निवडणुकीच्या भाषणात तर ऐकलंच ऐकलं.

माझं स्टँडजवळ छोटं दुकान आहे, त्यामुळे कोण काय देतं हे मला गल्ल्यावरून कळतं. मोठ्या गाडीतला पाहुणा शनिवारी येतो. पाण्याचे बॉक्स, वेफर्स, थंड पेयं, आणि बाकीचं जे काय असतं ते सगळं तिकडूनच भरून आणतो. इंदापूरवरून सरळ पुढे जातो, तळ्याकडे वळतही नाही. खोलीचे पैसे ॲपवर भरलेले, त्यातलं कमिशन ॲपवाल्याचं. रविवारी दुपारी निघतो तेव्हा मागे कचरा राहतो, आणि कधीकधी वाळूत रुतलेली त्याची गाडी काढायला आपलीच पोरं ट्रॅक्टर घेऊन धावतात. पाठीवर बॅग घेतलेल्याला यातलं काही आणता येत नाही. त्याला पाणी इथेच घ्यावं लागतं, वडापाव इथेच, साबण इथेच, मिनीडोरला वीस-तीस रुपये इथेच. तो खानावळीत जेवतो. तो मंगळवारी येतो, बुधवारी येतो. त्याचे पाचशे रुपये पाच खिशांत जातात.

हा मंगळवार-बुधवार महत्त्वाचा आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर आदळलं आणि एका दुपारी वाड्यांतली नारळ-सुपारी आडवी झाली. सुपारीची बाग पुन्हा धरायची तर वर्षानुवर्षं वाट बघायची. मधल्या काळात कित्येकांनी कर्ज काढून वाडीत दोन-तीन खोल्या बांधल्या. त्यांना मी दोष देत नाही. हप्ता महिन्याचा, गिऱ्हाईक शनिवारचं, म्हणून शनिवारी चार हजार सांगतात. पण आठवड्यातले पाच दिवस त्याच खोलीला कुलूप असतं. खाटेला सहाशे-सातशे घेतले, खोलीत चार खाटा टाकल्या, तर बुधवारी कोणी कॉलेजची पोरं येतील, कोणी निवृत्त मास्तर येईल, कोणी आडनाव न बदललेली बाई एकटीसुद्धा येईल. हे गणित कोणी मांडूनच बघत नाही.

सरकार कोणासाठी मांडतंय तेही बघा. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू झाला, मुंबई थेट रायगडच्या दारात आली. उत्तम. पण त्यावर मोटारसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही. मांडव्याची रो-रो २०२०ला सुरू झाली, तिचा थाट मुळात मोटारींसाठी. आणि ज्या रस्त्याने एसटीवाला माणूस येतो तो मुंबई-गोवा महामार्ग? पनवेल ते इंदापूर, ८४ किलोमीटर, काम २०११ला सुरू झालं. तेव्हा पहिलीत बसलेलं पोर आज मतदार आहे, आणि आपण अजून धूळ खातोय.

दर्जेदार माणसाने आपल्याला काय दिलं त्याचं एक उदाहरण तर जगाने टीव्हीवर बघितलं. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर नीरव मोदीचा बंगला. नियम धाब्यावर बसवून बांधलेला. ८ मार्च २०१९ला सुरुंग लावून पाडावा लागला. पाठीवर बॅग घेऊन आलेल्या कोणाचं काही पाडायला आजवर सुरुंग लागलेला नाही.

आणि पाठीवर पिशवी टाकून फिरणं ही गोऱ्यांची टूम आहे असं कोणी समजत असेल तर त्याने आषाढात पंढरपूरच्या रस्त्यावर उभं राहावं. पडशी खांद्यावर, मुक्काम गावातल्या शाळेत, जेवण गावाचं. शेकडो वर्षं चालू आहे. वारकऱ्याला कोणी फुकट्या म्हणत नाही. आपल्या एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास १९८८पासून आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, एकदा पैसे भरा आणि महाराष्ट्रभर हिंडा. बायकांना तर मार्च २०२३पासून एसटीत अर्धं तिकीट. म्हणजे बार्सिलोनाच्या तिकिटाच्या तोडीची वस्तू आपल्या खिशात आहे. पण करोना आणि संपानंतर गाड्या घटल्या, आडमार्गाच्या फेऱ्या पहिल्या गेल्या. पास आहे, बसायला गाडी नाही.

त्याहून जुनी गोष्ट आपल्याच तालुक्यातली. कुडा लेणी. मांदाडच्या खाडीवर डोंगरात २६ लेणी. खाडीतून माल यायचा, घाटाकडे जायचा, आणि त्या वाटेवर हातात भिक्षापात्र घेतलेल्या भिक्खूंना पावसाळ्यात थांबायला खोल्या कोरलेल्या. कोणी कोरून दिल्या? भिंतीवर लिहिलंय. त्यात राजघराण्यातली माणसं आहेत, पण माळीही आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या बाजारपेठेतल्या माणसांनी वर्गणी काढून पायी फिरणाऱ्यासाठी छप्पर उभं केलं, आणि आज त्याच लेण्यांपर्यंत पुण्याहून आलेलं एक जोडपं गाडीशिवाय जाऊन संध्याकाळी परत येऊ शकत नाही. तळगडाचंही तेच. शिवाजी महाराजांनी पुरंदरच्या तहात ज्या बारा किल्ल्यांवर हात ठेवला त्यात तळगड होता. आज गड चढून उतरलेल्या ट्रेकरला अंघोळीला जागा विचारायची तर कोणाच्या तरी अंगणात जावं लागतं.

बार्सिलोनाची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी लबाड ठरेन. तिथे आता उलटं झालंय. राहती घरं पर्यटकांना भाड्याने द्यायला लागले, भाडी दहा वर्षांत ६८ टक्क्यांनी वाढली असं तिथला महापौरच सांगतो. तिथली पोरं स्वतःच्या शहरातून बाहेर फेकली गेली. जुलै २०२४मध्ये मोर्चा निघाला आणि लोकांनी हॉटेलबाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्या मारल्या. महापौराने जाहीर केलंय की पर्यटकांना दिलेल्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपवणार. कोणी म्हणेल, बघा, बॅगवाल्यांनी शहर बुडवलं. पण भाचा तर होस्टेलात, आठजणांच्या खोलीत झोपला होता. घरं गेली ती फ्लॅट विकत घेऊन धंदा मांडणाऱ्यांमुळे. आणि ते आपल्याकडे सुरू झालेलं नाही असं समजू नका. किनाऱ्यावरच्या वाड्या कोणाच्या नावावर चालल्यात ते सातबारा काढून बघा. वाडी विकली की मालकाची पोरं त्याच बंगल्यावर वॉचमन. तिथे पिचकाऱ्या निघायला पन्नास वर्षं लागली, आपल्याला एवढी लागणार नाहीत.

मला भाच्याच्या गोष्टीतलं सगळ्यात लागलं ते वेगळंच. तिथली मेट्रो, नळ, फळ्यावरचा भाव, किनाऱ्यावरचा संडास, यातलं जवळपास काहीही त्या दोघांसाठी केलेलं नव्हतं. तिथल्या माणसांसाठी केलेलं, पाहुणा त्यातच सामावून गेला. आपल्याकडे म्हसळ्याच्या झाडाखाली दीड तास माझी भाचेसून एकटी उभी नव्हती. तिच्या बाजूला माणगावच्या कॉलेजातून घरी जाणाऱ्या तीन मुली होत्या, डायलिसिस करून आलेला एक म्हातारा होता. ते रोज उभे असतात. भाचेसून पुण्याला परत गेली.

आणि किनाऱ्यावरचा जीवरक्षक? १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली १४ कॉलेजची मुलं-मुली बुडाली. सोमवार होता. ती बसने आली होती, मोठ्या गाड्यांतून नाही. त्यांच्यासाठी लाल झेंडा लागणार होता की दर्जेदार लोकांसाठीच?

तर मागणी काय? तळ्याच्या स्टँडवर मोठ्या अक्षरांत, वाचता येईल असं वेळापत्रक, आणि फेरी रद्द झाली तर त्याच फळ्यावर खडूने तसं लिहिणं. शनिवार-रविवारी इंदापूर, तळा, कुडा, मांदाड आणि परत, अशी एक गाडी, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, जी तिथल्या गावकऱ्यांनाही बाजाराला उपयोगी पडेल. ज्या ज्या गावात स्वच्छतेची पावती फाडतात तिथे त्या पैशाचा हिशोब ग्रामसभेत वाचायचा आणि शौचालयाची किल्ली कोणाकडे आहे ते दारावर लिहायचं. खानावळींनी ताटाचा भाव बाहेर लावायचा. शाकाहारी किती, मासळीचं किती. आपली खानावळ याला तयार आहे का, मी दोघातिघांना विचारलंय, एक हो म्हणालाय. आणि खाटेच्या दराने झोपायची जागा. सरकारची निवास व न्याहारी योजना घरगुती खोल्यांसाठीच आहे. माझ्या माडीवर चार खाटा मावतात, त्या योजनेचा अर्ज मी या महिन्यात भरतोय. लग्नाचा फोटो विचारणार नाही. नगरपंचायतीच्या हद्दीतल्या आणखी दोन घरांनी तयारी दाखवली तर अर्ज एकत्रच नेऊ, ज्यांना यायचंय त्यांनी दुकानावर या.

तोवर एक साधं काम. मांदाडहून तळ्याकडे येणारी संध्याकाळची शेवटची गाडी नक्की किती वाजता सुटते, हे ज्याला खात्रीने माहीत असेल त्याने खाली लिहा. ऐकीव नको, या आठवड्यात स्वतः बसून आलेल्यानेच लिहा. मी ते खडूने दुकानाच्या फळीवर लिहून ठेवतो.